मसल कारला मागे रुंद टायर बसविणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. १९६४ ते १९७४ या काळात तयार झालेल्या, मध्यम आकारमानाच्या सांगाड्यात आठ सिलिंडरांचे मोठे एंजिन बसविलेल्या व मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारगाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. या गाड्यांच्या मागील आसावर मूळ मापापेक्षा रुंद टायर चढविण्याची पद्धत त्याच काळापासून रूढ असून जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांमध्ये ती आजही प्रचलित आहे. रस्त्यावरील पकड वाढविणे हा तिचा मुख्य हेतू होय. गाडीला मागून भारदस्त रूप येते हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. तथापि टायर हा गाडीच्या इतर भागांपासून अलग नसतो. त्याच्या मापातील बदलाचा परिणाम आस, धारवे (बेअरिंग), स्प्रिंगा, सुकाणू व वेगदर्शक या सर्वांवर होतो. त्यामुळे हा बदल मोजमाप करूनच करावा लागतो.

पार्श्वभूमी : पाँटिॲक कंपनीच्या १९६४ च्या जीटीओ या गाडीपासून मसल कारचे युग सुरू झाले, असे सामान्यपणे मानतात. तिच्यात ३८९ घ. इंच (सु. ६·४ लिटर) धारणेचे व ३२५ अश्वशक्तीचे एंजिन होते. पुढे शेव्हर्ले शेव्हेल, प्लिमथ रोड रनर, डॉज चार्जर वगैरे गाड्यांमुळे स्पर्धा वाढत गेली आणि १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ घ. इंचाचे (सु. ७·४ लिटर) व ४५० अश्वशक्तीचे एंजिन मिळू लागले. हे आकडे त्या वेळच्या प्रथेप्रमाणे पंखा, निष्कासनलिका इ. उपांगे न जोडता मोजलेले आहेत. निष्कास वायूंवर निर्बंध घालणारा १९७० चा कायदा, वाढते विम्याचे हप्ते आणि १९७३ मधील खनिज तेलाची टंचाई यांमुळे हे युग लवकरच ओसरले.

एंजिनांची शक्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने टायर सुधारले नाहीत. १९६४ च्या जीटीओचे टायर १४ इंच व्यासाच्या व अवघ्या ६ इंच रुंदीच्या रिमवर बसत. त्यांतील दोऱ्यांचे थर तिरपे व एकमेकांना छेदणारे असत. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिरप्या थरांवर काचतंतूंचे पट्टे घातलेले रुंद टायर आले. १९६९ च्या फोर्ड मस्टँग बॉस ३०२ या गाडीला कारखान्यातूनच १५ इंची रुंद टायर मिळत. अरीय (रेडियल) टायर फ्रान्समधील मिशलॅं कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच प्रचारात आणले होते. परंतु अमेरिकेत त्यांचा सार्वत्रिक प्रसार १९७० नंतरच झाला.

गरजेचे स्वरूप : मागील चाकांवर येणारा जोर व टायरची पकड यांतील तफावत एका ढोबळ उदाहरणावरून लक्षात येईल. चालकासह १,७०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा ५५% भार पुढील व ४५% भार मागील आसावर आहे, असे मानल्यास मागील आसावर स्थिर स्थितीत ७६५ किग्रॅ. भार येतो. गाडी गुरुत्व त्वरणाच्या निम्म्या त्वरणाने निघाली, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी. उंच आणि दोन्ही आसांमधील अंतर २९२ सेंमी. असले, तर सु. १६० किग्रॅ. भार पुढून मागे सरकतो व मागील आसावरील भार सु. ९२५ किग्रॅ. होतो. घर्षणांक ०·९ धरल्यास टायर जास्तीत जास्त सु. ८३० किग्रॅ. एवढा जोर रस्त्याला देऊ शकतात. उलट ४२८ फूट-पौंड (सु. ५९ किग्रॅ.-मी.) एवढा पीळ देणारे एंजिन, पहिल्या गिअरचे २·५ व मागील आसाचे ३·५५ गुणोत्तर यांच्या योगाने ३२ सेंमी. त्रिज्येच्या चाकांच्या परिघावर, यंत्रणेतील घर्षणव्यय वगळल्यास, १,६०० किग्रॅ.हून अधिक जोर निर्माण करू शकते. म्हणजे टायर झेलू शकतात त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर उपलब्ध असतो; उरलेला जोर चाके जागच्या जागी फिरवून रबर जाळण्यात जातो.

रुंदीचा पकडीवर होणारा परिणाम : शालेय भौतिकीतील नियमानुसार घर्षण संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. रबराला हा नियम पूर्णपणे लागू पडत नाही. रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतते व त्याच्या प्रत्येक चौ. सेंमी.वरील भार वाढत गेला की त्याचा घर्षणांक कमी होत जातो. म्हणून तोच भार अधिक रबरावर वाटला गेल्यास एकूण पकड वाढते.

मात्र टायर रुंद केल्याने संपर्कक्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, हा समज चुकीचा आहे. टायरवरील भाराला आतील हवेच्या दाबाने भागले असता संपर्कक्षेत्र ढोबळमानाने मिळते. एका चाकावर ३८० किग्रॅ. भार व दर चौ. सेंमी.ला २·१ किग्रॅ. (दर चौ. इंचास ३० पौंड) दाब असल्यास हे क्षेत्र सु. १८० चौ. सेंमी. भरते. टायरची धाव १५ सेंमी. रुंद असेल, तर हा पट्टा सु. १२ सेंमी. लांब असतो, धाव २० सेंमी. केल्यास तो सु. ९ सेंमी. लांब होतो. क्षेत्र जवळजवळ तेच राहून आकार मात्र आखूड व रुंद होतो. रुंद टायरचा खरा लाभ यापुढे सुरू होतो. त्यात हवेचे आकारमान अधिक असल्याने तोच भार थोड्या कमी दाबाने पेलता येतो व त्यामुळे संपर्कक्षेत्र वाढते. घर्षणाची उष्णता अधिक रबरात वाटली जाते. आणि झीज पसरत असल्याने मऊ, अधिक पकड देणारे रबर वापरणे परवडते. रुंद पण कठीण रबराच्या टायरपेक्षा किंचित अरुंद पण मऊ रबराचा टायर अनेकदा सरस ठरतो, तो यामुळेच.

मापे : जुन्या अमेरिकी पद्धतीत ‘एफ ७०-१४’ या मापातील अक्षर भारक्षमता, ७० हा आकडा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे आणि १४ हा आकडा रिमचा व्यास इंचांत दाखवितो. सध्याच्या पद्धतीत ‘२५५/६० आर १५’ याचा अर्थ रुंदी २५५ मिमी., उंची रुंदीच्या ६०% (१५३ मिमी.), बांधणी अरीय व रिमचा व्यास १५ इंच (३८१ मिमी.) असा होतो. या टायरचा एकूण व्यास ६८७ मिमी. भरतो. २१५/७० आर १४ या मापाच्या टायरचा व्यास ६५७ मिमी. असतो.

प्रत्येक टायरसाठी रिमची किमान व कमाल रुंदी ठरलेली असते. २५५/६० या मापासाठी ती ७ ते ९ इंच आहे. जुन्या ६ इंची रिमवर असा टायर दामटून बसविल्यास त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, धावेचा मध्यभाग फुगतो आणि पैसे खर्च करूनही रुंद पट्टा रस्त्याला टेकत नाही. वळणावर टायर डोलतो तो वेगळाच. म्हणून रुंद टायरबरोबर रुंद रिमही घ्यावी लागते. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी सु. ५ मिमी.ने बदलते. रिमवरील बोल्टांच्या भोकांचे वर्तुळही जुळले पाहिजे. शेव्हर्ले व पाँटिॲकच्या मध्यम गाड्यांत ते ४·७५ इंच (१२०·६५ मिमी.), तर आठ सिलिंडरांच्या मस्टँगमध्ये ४·५ इंच (११४·३ मिमी.) व्यासाचे असते.

जागेचे मोजमाप : मागील टायरला आतून स्प्रिंग, धक्काशोषक व चाकघराची आतील भिंत आणि बाहेरून मडगार्डची दुमडलेली कड यांची मर्यादा असते. प्रथम चाक काढून, ब्रेकच्या ड्रमचा जो पृष्ठभाग रिमला टेकतो तेथपासून आतील व बाहेरील अडथळ्यांपर्यंतची अंतरे मोजतात. समजा, ती अनुक्रमे १५० व १४० मिमी. आहेत, म्हणजे एकूण जागा २९० मिमी. झाली. दोन्ही बाजूंना २० मिमी. मोकळी जागा सोडल्यास टायरसाठी २५० मिमी. उरतात. २५५/६० आर १५ हा टायर ७ इंची रिमवर साधारण एवढाच रुंद भरतो. त्याची आतील बाजू टेकणाऱ्या पृष्ठभागापासून १३० मिमी. आत असावयास हवी. टायरची अर्धी रुंदी १२५ मिमी. असल्याने चाकाची मध्यरेषा त्या पृष्ठभागाच्या ५ मिमी. आत येते. रिमच्या दोन्ही कडा धरून तिची प्रत्यक्ष रुंदी नाममात्र रुंदीपेक्षा सु. १ इंच जास्त असते. म्हणून या रिमच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतील कडेपर्यंतचे अंतर ४ इंच अधिक ५ मिमी., म्हणजे सु. १०७ मिमी. (४·२ इंच) असले पाहिजे. रिम मागविताना हाच आकडा सांगावा लागतो.

हे मोजमाप गाडी चाकांवर उभी असतानाच्या स्थितीत करून भागत नाही. आस वर उचलून रबरी अटकावाला टेकेपर्यंत, तसेच एक बाजू वर व दुसरी खाली अशा स्थितीतही टायर कोठे घासत नाही हे पाहावे लागते. वळणावर पट्टी स्प्रिंगा किंचित वाकून आस बाजूला सरकतो. शिवाय त्या काळच्या सांगाड्यांत डावी व उजवी बाजू अगदी सारखी नसे. त्यामुळे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजतात व कमी जागेची बाजू प्रमाण मानतात. ब्रेकची रबरी नळी व निष्कासनलिका यांपासूनचे अंतरही तपासतात.

जागा वाढविण्याचे उपाय : मडगार्डची आतील कड ठोकून वर दुमडणे हा सर्वांत सोपा उपाय होय. चाक व ड्रम यांमध्ये चकती घालून चाक बाहेर सरकविता येते. परंतु त्यामुळे बोल्टांवर नटाचे आटे कमी बसतात व आसाच्या धारव्यांवरील वाकविणारा भार वाढतो. १९७० नंतरच्या दशकात हवेने फुगणारे धक्काशोषक घालून गाडीचा मागील भाग उचलण्याची टूम निघाली होती. तिच्यात गुरुत्वमध्य वर जातो, प्रणोदक दंडाचा कोन बिघडतो आणि स्प्रिंगांनी पेलावयाचा भार धक्काशोषकांच्या आधारांवर पडतो. ते आधार यासाठी बनविलेलेच नसल्याने त्यांना तडे जाण्याचा धोका असतो.

याहून रुंद टायरसाठी स्प्रिंगा आत सरकवितात, चाकघराची आतील भिंत उभी कापून मध्ये पत्र्याची पट्टी सांधतात किंवा आसाचे कवच दोन्ही टोकांना कापून आखूड करतात व त्यात आखूड दंड बसवितात. हे काम कुशल वेल्डरचे आहे. सांधा तिरका झाल्यास धारवे व टायर लवकर झिजतात. सांधा तुटल्यास चाकच निखळू शकते. कापलेला पत्रा पूर्ववत करणे फार कठीण असल्याने मूळ स्वरूपातील दुर्मिळ गाडीचे संग्राह्य मूल्य घटते. यामुळे संग्राहक बहुधा मूळ रिमा व टायर जपून ठेवून, पत्र्याला हात न लावता बसेल एवढ्याच रुंदीवर समाधान मानतात.

चालविण्यावरील परिणाम : व्यास ६५७ मिमी.वरून ६८७ मिमी. झाल्यास चाकाचा परिघ सु. ४·६ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शकाला गती गिअरपेटीच्या मागील दंडापासून मिळत असल्याने काटा ताशी १०० किमी. दाखवीत असताना खरा वेग सु. १०४·६ किमी. असतो. ३·५५ हे आसाचे गुणोत्तर सु. ३·३९ असल्यासारखे वागते व गाडीची निघण्याची झेप थोडी मंदावते. यासाठी वेगदर्शकाचे दंतचक्र बदलतात किंवा मूळ व्यासाच्या जवळचा टायर निवडतात, उदा., २३५/६० आर १५ चा व्यास ६६३ मिमी. आहे.

केवळ मागील टायर रुंद केल्यास वळणावर मागील बाजूची पकड पुढील बाजूपेक्षा वाढते. एंजिनाच्या वजनाने आधीच पुढे जड असलेली गाडी मग वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. म्हणून पुढील टायरही काही अंशी सुधारणे इष्ट असते. पुढे अरीय व मागे तिरप्या थरांचे टायर ही जोडणी विशेष धोकादायक समजली जाते, कारण तिच्यामुळे मागील भाग एकाएकी घसरतो.

ओल्या रस्त्यावर रुंद टायरचे गुण दोष ठरतात. विशिष्ट वेगाच्या पुढे टायर पाणी बाजूला सारू शकत नाही व पाण्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी सुकाणू व ब्रेक दोन्ही निष्प्रभ होतात. विमानांच्या टायरांवरील संशोधनातून अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, पाण्याचा थर पुरेसा जाड असता, हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दर चौ. इंचास ३० पौंड दाबाला तो ताशी सु. ९१ किमी., तर २४ पौंडांना सु. ८२ किमी. येतो. आखूड व रुंद संपर्कपट्ट्याला याहूनही कमी वेग पुरतो, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. म्हणजे कोरड्या रस्त्यावर पकड वाढविण्यासाठी केलेले दोन्ही उपाय, रुंदी वाढविणे व दाब उतरविणे, पावसात धोका वाढवितात. शर्यतीसाठीचे जवळजवळ खाचा नसलेले टायर सार्वजनिक रस्त्यावर वापरू नयेत, यामागील कारण हेच आहे.

या गाड्या वर्षाकाठी थोड्याच चालविल्या जात असल्याने त्यांच्या टायरच्या खाचा शाबूत दिसतात. परंतु रबर वयाने कठीण होत जाते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर २००० सालापासून निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखविणारे चार आकडे असतात. टायर निवडताना व वापरात ठेवताना रुंदीइतकेच हे आकडेही पाहणे आवश्यक असते.