कृत्तिका आणि आकाशगंगेचा जमाखर्च

ठाणे, रेवदंडा, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्यांच्या गावी शिक्षकी पेशात आयुष्य वेचलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत हे शतपथ ब्राह्मणातील विधान केवळ स्तुतिपर न मानता प्रत्यक्ष वेध म्हणून स्वीकारले, आणि हे तारे ज्या काळी खगोलीय विषुववृत्तावर होते तो काळ गणिताने काढून त्या ग्रंथभागाची मिती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविली. हा निर्णय सर्वांस मान्य झाला नाही. तथापि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या त्यांच्या ग्रंथाने कृत्तिकांना मराठी वाचकाच्या मनात जे स्थान दिले, ते आजतागायत अबाधित आहे.

दिवाळीच्या सुमारास तिन्हीसांजा उलटल्या की या कृत्तिका पूर्वेस, आता मात्र बऱ्याच उत्तरेकडे कलून, उगवतात. ठाण्या-डोंबिवलीच्या गच्चीवरून दिव्यांच्या झगमगाटात त्यांचा पुंजका जेमतेम ओळखू येतो. म्हणूनच कल्याणहून कर्जतच्या गाडीने वांगणीस जाऊन आकाशदर्शनात रात्र काढण्याचा परिपाठ खगोल मंडळासारख्या हौशी संस्थांनी घालून दिला. नुसत्या डोळ्यांस सहा-सात, द्विनेत्रीतून कितीतरी अधिक, आणि रीतसर मोजणीत हजारावर तारे भरणारा हा गुच्छ आपणांपासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय दहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. इतके तारे एका ठिकाणी निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव पाच लाखांत एक, असा हिशेब जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने १७६७ सालीच मांडला होता. छायाचित्रांत त्यांच्याभोवती दिसणारी निळसर धूसरता मात्र जन्मकाळच्या मेघाची शिल्लक नव्हे. तो वाटेत आडवा आलेला परका धूलिमेघ होय.

मग मूळ मेघ गेला कोठे? तारकागुच्छ जन्मतो तो हायड्रोजनच्या रेणूंनी भरलेल्या, निरपेक्ष शून्याहून दहा-वीस अंशच उष्ण अशा मेघात. तेथे गुरुत्वाकर्षण वायूच्या दाबावर व खळबळीवर मात करते, मेघाचे तंतू आणि तंतूंच्या गाठी होतात, आणि गाठीगाठींतून तारे पेटतात. परंतु या पेटण्यातच मेघाचा अंत असतो. गुच्छातील मोजके महाकाय तारे आपल्या अतिनील किरणांनी आणि प्रचंड वाऱ्यांनी, व काही दशलक्ष वर्षांतच होणाऱ्या आपल्या स्फोटांनी, उरलेला बहुतांश वायू हुसकून लावतात. आणि वायूबरोबर त्याचे गुरुत्वही गेल्यामुळे ताऱ्यांना एकत्र बांधणारा पाश सैल पडतो. चार्ल्स लाडा व एलिझाबेथ लाडा यांनी २००३ साली दाखविल्याप्रमाणे मेघात जन्मलेल्या गुच्छांपैकी शेकडा चार ते सातांहूनही कमी गुच्छ कृत्तिकांच्या वयापर्यंत बांधलेले राहतात. आपला सूर्यही बहुधा अशाच एका मोडलेल्या गुच्छातला. त्याची भावंडे आता आकाशगंगेच्या तबकडीत कोठे विखुरली आहेत याचा पत्ता कोणत्याही दप्तरात नाही.

मला या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ती गुच्छाच्या आकाराची आणि त्याच्या अधिकाराची विषमता. काही प्रकाशवर्षांच्या मुलुखात एकामागून एक तारे फुटले की वायूचे शेकडो प्रकाशवर्षे रुंदीचे बुडबुडे तबकडी फोडून बाहेर पडतात. त्यांतला काही वायू, ताऱ्यांत शिजलेला प्राणवायू व लोह घेऊन, पावसासारखा परततो आणि पुढील पिढीच्या उपयोगी पडतो, तर काही कायमचा जातो. सप्तर्षींच्या मुलुखातील, सुमारे एक कोटी वीस लक्ष प्रकाशवर्षांवरच्या एम ८२ या दीर्घिकेत गुच्छांच्या गर्दीने वायूचे असे लोट दोन्ही बाजूंस उसळलेले स्पष्ट दिसतात. जे मोजके गुच्छ तगतात त्यांची कहाणी वेगळी. वैशाखात वांगणीहून दक्षिण क्षितिजालगत दिसणाऱ्या ओमेगा सेंटॉरीत सुमारे एक कोटी तारे आहेत, आणि तो आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असे पुष्कळ संशोधक मानतात.

दीर्घिकांतील वायूच्या या जमाखर्चाची जमेची बाजू तपासणारे कार्यालय आपल्यापासून फार दूर नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरले की नारायणगावाजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात. अशा एकूण ३० तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या आहेत. आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर प्रभृती संशोधकांनी त्यांच्या साहाय्याने साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून, ८०० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यापाशी किती हायड्रोजन होता हे २०२० साली प्रसिद्ध केले. साठा मोठा होता, पण तारे घडण्याचा वेग असा की नवी आवक नसती तर तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. आवक अपुरी पडली, आणि विश्वातील ताऱ्यांची पैदास मंदावत गेली. आज आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी एक-दोन सूर्यांएवढ्याच वस्तुमानाचे नवे तारे तयार होतात.