ट्रॉलीचे उसळणे आणि भाराची मांडणी

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली एका आसाची ट्रॉली उसळू लागली, की सारा दोष खड्ड्यांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. वस्तुतः भाराची मांडणीच चुकली असेल, तर मुंबई-आग्रा महामार्गावरही ती ट्रॅक्टरला हिसके देतच राहते. माल मागे साठला म्हणजे हूक वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते, आणि दोन्ही टोकांना विभागला तर झोका लांबतो. सबब जड जिन्नस आसाच्या निकट, किंचित पुढे रचावा. अमेरिकेत पिकअपमागे फिरते घर ओढणारे एकूण वजनाचा १० ते १५ टक्के हिस्सा हुकावर ठेवतात. ट्रॅक्टरचे प्रमाण निराळे, तत्त्व तेच. हुकाची झिजलेली पिन मात्र तत्काळ बदलावी, आणि टायरांतील हवाही पाहून घ्यावी.