बाजाराने न मोजलेली किंमत

धर्मग्रंथातील कथेला रॉक संगीताचा साज चढविला की ती भ्रष्ट होते काय? १९७० साली ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला, तेव्हा पाश्चात्त्य जगात हा प्रश्न तावातावाने विचारला गेला. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर त्या वेळी २२ वर्षांचा आणि गीतकार टिम राइस २५ वर्षांचा होता. शुभवर्तमानांतील येशूचा अखेरचा आठवडा त्यांनी बव्हंशी यहूदाच्या दृष्टीने मांडला. ज्याने विश्वासघात केला त्याच्याच तोंडी शंका घातल्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या कृतीचा जन्मही उद्बोधक वाटावा. नाटक म्हणून तिच्यावर भांडवल लावण्यास कोणी निर्माता पुढे येईना. म्हणून ती आधी ध्वनिमुद्रित झाली. रंगभूमीच्या मानाने तबकडीतील जोखीम थोडी. ब्रिटनमध्ये आरंभी तिचे स्वागत थंडेच झाले. अमेरिकेत मात्र १९७१ साली ती विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रॉडवेवर तिचा प्रयोग झाला. मागणी सिद्ध होताच भांडवल धावत आले.

परंतु मागणी म्हणजे औचित्य नव्हे. काही ख्रिस्ती श्रद्धावंतांचा आक्षेप असा की, येथे कथा वधस्तंभापाशीच थांबते, पुनरुत्थान नाही. हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. अखेरच्या वाद्यसंगीताचे शीर्षक म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातील अध्याय १९, वचन ४१ एवढा निर्देश. त्या वचनात एक बाग आहे आणि बागेत एक नवी कबर. पुढचे श्रोत्याच्या श्रद्धेवर सोपविले आहे. मौन म्हणजे नकार नव्हे.

ज्यू संघटनांनी घेतलेला आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. या कृतीतील ज्यू धर्मगुरू येशूच्या मृत्यूचा कट रचणारे म्हणून रंगविले आहेत. येशूच्या मृत्यूचा दोष सबंध ज्यू समाजावर लादल्यामुळे त्या समाजाने युरोपात शतकानुशतके छळ सोसला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हा सामुदायिक दोषारोप अमान्य केला होता. मूळ ग्रंथातच तसे प्रसंग आहेत, हे उत्तर येथे अपुरे पडते. कारण जो लेखक कथा यहूदाच्या बाजूने नव्याने पाहू शकतो, त्याला धर्मगुरूंकडेही नव्या नजरेने पाहणे अशक्य नव्हते.

कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, पण मालाच्या किमतीत त्याचा हिशेब धरला जात नाही, हे आम्ही वर्गात शिकवितो. कलाकृतीचेही तसेच आहे. तबकडी किती खपली हे बाजार सांगतो. तिची झळ कोणाला लागली हे सांगत नाही. बंदी हा यावरचा उपाय नव्हे. धर्मग्रंथाला नवा सूर देण्याचा अधिकार कलावंताला अवश्य असावा. पण जुन्या कथेबरोबर जुने वैरही आपण विकत नाही ना, हा हिशेब त्याने स्वतःच मांडला पाहिजे.