काउंटी शासन व न्यायालयीन सेवा (कॅलिफोर्निया)

काउंटी हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा प्रशासकीय विभाग आहे. १८५० साली राज्यात २७ काउंट्या स्थापन झाल्या; आज त्यांची संख्या ५८ आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलस काउंटीची लोकसंख्या एक कोटीहून किंचित अधिक, तर अल्पाइन काउंटीची सुमारे १,२०० होती. मालमत्ता कर, जमिनीच्या नोंदी, निवडणुका, सार्वजनिक आरोग्य व तुरुंग ही कामे काउंटीकडे असतात. न्यायालय काउंटीच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते राज्याच्या न्यायव्यवस्थेचा भाग आहे. कोणते काम कोणाकडे, या संभ्रमातून रहिवाशांचे अनेक प्रश्न उद्भवतात.

रचना

बहुतेक काउंट्यांचा कारभार पाच सदस्यांचे निर्वाचित पर्यवेक्षक मंडळ पाहते. शहर व काउंटी एकच असलेल्या सान फ्रान्सिस्कोत ११ सदस्य असतात. शेरीफ, डिस्ट्रिक्ट ॲटर्नी व असेसर (मालमत्ता मूल्यांकन अधिकारी) हेही निवडणुकीने येतात. प्रत्येक काउंटीत एक सुपीरियर कोर्ट असते. १९९७ च्या कायद्याने या न्यायालयांच्या खर्चाची मुख्य जबाबदारी राज्याकडे गेली. न्यायालयाचा निर्णय पर्यवेक्षक मंडळ बदलू शकत नाही. त्याविरुद्ध अपीलच करावे लागते.

दाखले व कर

विवाहाचा परवाना काउंटी क्लार्क देतो व तो ९० दिवस वैध असतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मात्र ज्या सुपीरियर कोर्टाने तो दिला तेथेच मिळते. वाहन चालविण्याचा परवाना हा राज्याचा विषय असून काउंटीचा त्याच्याशी संबंध नाही.

मालमत्तेचे मूल्य असेसर ठरवतो, वसुली कर संग्राहक करतो. कराचे दोन हप्ते अनुक्रमे १० डिसेंबर व १० एप्रिलपर्यंत भरावे लागतात. त्यानंतर १० टक्के दंड लागतो. मूल्यांकन मान्य नसल्यास अपील करता येते, परंतु अपील प्रलंबित आहे म्हणून कर थांबवता येत नाही.

ज्यूरीचे बोलावणे

ज्यूरीसाठी नावे मतदारयादीखेरीज वाहन परवान्यांच्या व करदात्यांच्या यादीतूनही निवडली जातात. त्यामुळे नागरिक नसलेल्या ग्रीन कार्डधारकांनाही बोलावणे येते. त्यांना ज्यूरीत बसता येत नाही. तथापि पत्र दुर्लक्षित न करता आपण नागरिक नसल्याचे उत्तर पाठवणे आवश्यक असते.

दावे व मुदती

लहान रकमेच्या दाव्यांसाठी स्वतंत्र विभाग असून तेथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो. सुनावणीत पक्षकाराच्या वतीने वकील उभा राहू शकत नाही. मोठ्या रकमेच्या सामान्य दिवाणी दाव्यात समन्स हाती दिल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

घर रिकामे करून घेण्याच्या दाव्यात ही मुदत फारच कमी असते. १ जानेवारी २०२५ पासून ती न्यायालयीन कामकाजाचे १० दिवस आहे. पूर्वी ती पाच दिवस होती. कागदपत्रे प्रत्यक्ष हाती दिली असता शनिवार, रविवार व न्यायालयीन सुट्ट्या वगळून हे दिवस मोजतात. उत्तर न दिल्यास भाडेकरूची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो. घरमालकाला स्वतः कुलूप बदलून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. निकालानंतर ताबा देण्याची अंमलबजावणी शेरीफ करतो.

साहाय्य

न्यायालयाचे कर्मचारी अर्जाचे नमुने देतात व कार्यपद्धती सांगतात. पक्षकाराने काय करावे हा कायदेशीर सल्ला त्यांना देता येत नाही. सुपीरियर कोर्टांत विनामूल्य स्वयंसाहाय्य केंद्रे आहेत. उत्पन्न कमी असल्यास शुल्कमाफीचा अर्ज करता येतो. फौजदारी खटल्यात वकील परवडत नसलेल्या आरोपीला सार्वजनिक बचाव वकील मिळतो. अशा वकिलाचे देशातील पहिले कार्यालय १९१४ साली लॉस एंजेलस काउंटीत सुरू झाले. दिवाणी दाव्यात असा सर्वसाधारण हक्क नाही. म्हणूनच समन्सवरील मुदत वाचून त्वरित स्वयंसाहाय्य केंद्र गाठणे हाच बहुतांश भाडेकरूंपुढील व्यवहार्य मार्ग ठरतो.