काहील, कयाक आणि वाघ्या

माणदेशात गाडीच्या टपावर काही बांधलेले दिसले, की ते काय असेल याचे अंदाज ठरलेले असतात. कडब्याच्या पेंढ्या, लग्नाचे रुखवत, नाही तर सिद्धनाथाच्या यात्रेला निघालेल्या मंडळींची बोचकी. पण एका कार्तिकात माझा पुतण्या पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या जीपच्या टपावर १२ फूट लांबीची, लालभडक, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक वस्तू होती. म्हसवडच्या स्टँडवर चहा घ्यायला थांबलो, तर चार माणसे भोवती जमली. एकाने टपावर टिचकी मारून विचारले, "ह्ये काय, पाण्याच्या टाकीचं झाकान हाय का?"

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. आमच्या मुलखात पाणी म्हटले की टाकी आठवते, टँकर आठवतो, घागरींची रांग आठवते. नाव आठवत नाही. ती वस्तू म्हणजे कयाक होती. एका माणसाने मध्ये बसून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने हाकायची चिंचोळी होडी. पुतण्याला राजेवाडीच्या तलावात ती चालवायची होती. आणि एकट्याने नव्हे, तर वाघ्याला सोबत घेऊन.

वाघ्या हा आमच्याच गावच्या धनगराच्या कुत्रीचा पिल्लू. पुतण्याने तो पुण्याला नेला, दूध-अंड्यावर वाढवला. आता त्याचे वजन २८ किलो आहे. फ्लॅटमध्ये राहिला तरी रक्तातली राखण गेलेली नाही. जिन्यात पाऊल वाजले की कान टवकारणार, पक्षी उडाला की झेपावणार.

राजेवाडीचा तलाव माणगंगेवरचा. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेजवळ तो आहे. ब्रिटिशांच्या काळातले हे काम. म्हसवडचा तलाव म्हणूनही तो ओळखला जातो आणि १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या आठवणी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. पोटासाठी माती वाहिलेल्या माणसांच्या वंशजांनी त्याच मातीच्या बांधाशी हौसेची होडी उतरवावी, हा काळाचा महिमा. आता टेंभू, उरमोडी, जिहे-कटापूर या योजनांमुळे कृष्णाखोऱ्याचे पाणी आटपाडी, खटाव, माणच्या माळावर पोहोचू लागले आहे. पाणी आले म्हणजे पाण्याची हौसही येणार. प्रश्न एवढाच आहे, की पाण्याची समज त्याच्याबरोबर येते का?

त्या दिवशी आमच्याजवळ ती नव्हती, हे कबूल केले पाहिजे. कयाक पुतण्याने एका मित्राकडून स्वस्तात घेतली होती. वेगाला छान, पण रुंदी जेमतेम २३ इंच. त्याने पाय आत घातले, वाघ्याला पुढ्यात घेतले आणि कुत्रा उडी मारील म्हणून त्याची साखळी होडीच्या कडीला अडकवली. काठापासून वीस-पंचवीस हात गेले असतील, नसतील. चिखलातून एक टिटवी ओरडत उठली. वाघ्या उजव्या अंगाला झेपावला, पुतण्या त्याला आवरायला त्याच अंगाला वाकला, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाल पाठ वर आली.

पाणी छातीइतकेच होते. पुतण्या धडपडत उभा राहिला. कुत्रा मात्र वर येईना. साखळी उलट्या होडीखाली होती आणि तिच्या टोकाला वाघ्या. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे सोडणारा एक जण जवळ होता, त्याने पाण्यात उतरून चाचपत कडी सोडवली. सगळे मिळून अर्धा मिनिट गेले असेल. ते अर्धे मिनिट पुतण्या अजून विसरलेला नाही, आणि मीही नाही.

काठावर मेंढरे पाजायला आलेला म्हातारा धनगर हे सारे पाहत होता. वाघ्याची आई त्याचीच. दर साल कळप घेऊन तो कृष्णाकाठी उतरतो. काठीवर हनुवटी टेकवून तो म्हणाला, "गुरुजी, कुत्रं म्हंजे काय मिठाचं पोतं हाय व्हय? ते हलनारच. नाव त्येला सोसंल अशी बघाया पायजे." मग थोडे थांबून, "आमी काहिलीतनं नदी वलांडलीया. काहील डुलती, पर उलथत न्हाई. आनि काहिलीत कुनी हुबं ऱ्हात न्हाई."

पुढे चार महिने पुतण्याने माहिती गोळा केली, मी त्याला खोदखोदून प्रश्न विचारले, आणि शेवटी आम्ही जिथे पोहोचलो ते बरेचसे म्हाताऱ्याच्या या दोन वाक्यांतच होते.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाच्या नाही तर हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत. ती शिकारीची नाव; चिंचोळी, चपळ, आवाज न करणारी. तिच्यात एक माणूस बसे, तोही लहानपणापासून तयार झालेला, उलटली तर आत बसल्या बसल्या तिला पुन्हा सुलटी करणारा. पण याच लोकांकडे दुसरी एक नाव असे. तिचे नाव उमियाक. ती मोठी, उघडी आणि रुंद. मुक्काम हलवायचा झाला की बायका-मुले, सामानसुमान आणि कुत्री या उमियाकमधून जात. म्हणजे ज्यांनी कयाक शोधली, त्यांनीही कुत्र्यांचा बिऱ्हाडासह प्रवास रुंद नावेतूनच केला. आम्ही शिकाऱ्याची नाव घेतली आणि तिच्यात बिऱ्हाड भरले, ही आमची चूक.

नावेचा स्थिरपणा दोन प्रकारचा असतो. एक, नाव सपाट उभी असताना बसल्या जागी वाटणारा. दुसरा, नाव एका अंगाला कलल्यावर तिने स्वतःला सावरून धरण्याचा. चिंचोळ्या, गोल बुडाच्या कयाकीत पहिला कमी असतो. बसल्याबरोबर ती थरथरते, पण कसबी माणूस कमरेने तोल सांभाळून तिला लाटांतूनही नेतो. रुंद, सपाट बुडाच्या कयाकीत पहिला भरपूर असतो. ती बाजेसारखी वाटते. फक्त एका मर्यादेपलीकडे कलली, की मग ती एकदम जाते. समुद्राच्या लाटांत ही उणीव ठरेल. पण तलावाच्या संथ पाण्यात, कमरेने तोल सांभाळणे ज्याला ठाऊक नाही असा कुत्रा बरोबर असताना, हा पहिला स्थिरपणाच महत्त्वाचा.

तो येतो मुख्यतः रुंदीतून. तीन पायांच्या स्टुलावर बसून बाजूची वस्तू उचलायला वाका आणि तेच बाजेवर बसून करा. फरक लगेच कळेल. नाव कलते तेव्हा खाली गेलेल्या बाजूला पाणी वर ढकलते. ही ढकल मध्यापासून जितकी दूर, तितकी नाव सावरते. लांबी तीच ठेवून रुंदी दीडपट केली, तर नावेच्या आकाराचा हा आधार ढोबळमानाने तिपटीहून अधिक वाढतो. २३ इंच आणि ३४ इंच यांतला फरक कागदावर वीतभर दिसतो. पाण्यात तो जगण्या-मरण्याचा असतो.

दुसरी गोष्ट बुडाची. काही कयाकींच्या बुडाला मधोमध पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन फुगीर पट्टे, जणू दोन नावा शेजारी बांधल्या आहेत. ही कल्पना आपल्या भाषेला जुनीच आहे. दोन होड्या नाही तर दोन भोपळे एकत्र बांधले की त्याला सांगड म्हणतात. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि त्यात पाणी आहे हे विसरून जातो. कोकणातल्या होडीला बाजूला जी उलांडी असते, तीही याच कुळातली. आधार मध्यापासून दूर न्यायचा, एवढेच तिचे काम. आणि उसाचा रस आटवायची काहील? ती रुंद, सपाट आणि उथळ, म्हणून उलथत नाही. पण गोल असल्यामुळे एका जागी गरगरते, दिशा धरत नाही. रुंदी काहिलीची आणि लांबी होडीची, असा मेळ ज्या कयाकीत जमला आहे, ती आपली.

तेव्हा दुकानात जाणाऱ्याने काय मागावे? संथ पाण्यासाठी १० ते १२ फूट लांब, ३२ ते ३६ इंच रुंद, वर बसायची कयाक मागावी. हिच्यात पाय आत कोंडलेले नसतात. उलटली तरी माणूस आणि कुत्रा दोघेही सुटे होतात. वरच्या बाजूला आलेले पाणी तळाच्या भोकांतून निघून जाते आणि पाण्यातून पुन्हा चढून बसता येते. कुत्रा मोठा असेल तर दोन माणसांची कयाक घेऊन पुढची बैठक काढून टाकावी. त्याला ऐसपैस जागा होते.

मग वजनाचा हिशेब. कयाकीवर लिहिलेली वजनाची मर्यादा म्हणजे साधारणपणे ती कशीबशी सोसेल तो आकडा. आपण त्याच्या ७० टक्क्यांवर थांबावे. पुतण्या ७५ किलो, वाघ्या २८, पाणी-डबा-जाकिटे मिळून ७; झाले ११० किलो. त्यासाठी मर्यादा निदान १६० किलोची हवी. आमची लाल कयाक १२० किलोची होती. आकडा तिच्यावरच लिहिलेला होता, वाचला कोणी?

या सोयीची किंमत आहे, तीही सांगितली पाहिजे. रुंद कयाक म्हशीसारखी चालते. तिचे वजन ३० किलोच्या आसपास, कधी अधिक. टपावर चढवायला दोन माणसे लागतात. माळावरचा वारा दुपारी सुटला की तिला ढकलत नेतो. हवा भरायची कयाक हलकी असते, डिकीत मावते आणि पुष्कळदा चांगली स्थिरही असते. कुत्र्याच्या नखांनी ती लगेच फाटेल ही भीती जाड कापडाच्या बनावटीत थोडी कमी होते, पण वाऱ्यापुढे तिचे काही चालत नाही.

नाव निवडली म्हणजे काम संपले असे नाही. कुत्र्याची जागा माणसाच्या पुढ्यात, मधल्या रेषेवर आणि शक्य तितकी खाली हवी. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात, घसरला की तो उभा राहतो आणि उभा राहिला की तोल वर जातो. तिथे रबरी चटई चिकटवावी. घोंगडी नको, ती भिजून जड होते. आधी आठ-दहा दिवस नाव अंगणात ठेवावी, तिच्यातच त्याला भाकरी घालावी, 'बस' म्हटले की बसायला शिकवावे. मग गुडघाभर पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम नाव उलटवून पाहावी आणि पुन्हा चढता येते का याची खात्री करावी. पाठीवर मूठ असलेले कुत्र्याचे जाकीट मिळते. त्या मुठीला धरून त्याला वर ओढता येते. आणि साखळी नावेला बांधू नये. कधीही नाही. हे एक वाक्य लोकांनी लक्षात ठेवले, तरी या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.

माणसाचे जाकीट तर हवेच. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, कृष्णेच्या महापुरात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गाव सोडून निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती हौस नव्हती, जीव वाचवण्याची धडपड होती; तिची तुलना आमच्या खेळाशी करणे योग्य नव्हे. पण पाणी हेतू विचारत नाही. किती माणसे बसली, कोण कुठे सरकले, अंगात जाकीट आहे का, एवढेच ते पाहते.

तलाव आपल्या एकट्याचा नसतो हेही ध्यानात ठेवावे. जलसंपदा खात्याची परवानगी विचारावी, मासेमारी करणाऱ्यांची जाळी कुठे आहेत ते त्यांनाच विचारावे, सांडवा आणि विमोचकाच्या जवळ फिरकू नये. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग आला असेल तर कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नये. त्यात विष असू शकते. आणि खटावमधल्या मायणी-येरळवाडीसारख्या पाखरांच्या पाण्यावर कुत्रा नेऊच नये. हजारो कोसांवरून आलेल्या पाहुण्यांना उठवण्याचा आपल्याला काय अधिकार?

फाल्गुनात पुतण्या पुन्हा आला. टपावर हिरवी, रुंद, बेढब कयाक होती. म्हसवडच्या स्टँडवर या वेळी कोणी झाकण म्हणाले नाही. "काहील आनली व्हय?" असे विचारले. वाघ्या प्रथम पाण्याजवळ जाईना. पुतण्याने ओढाताण केली नाही. दोन दिवस नाव काठावरच ठेवून तिच्यात त्याला भाकरी घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, दोघे निघाले. टिटवी त्या दिवशीही ओरडली. वाघ्या उठला, नाव डुलली, "बस" म्हटल्यावर तो खाली बसला आणि नाव पुन्हा सपाट झाली. अर्ध्या तासाने परतले तेव्हा त्याने पुतण्याच्या पायांवर मान टाकली होती.

आमच्या पिढीत जे पोहायला शिकले, ते विहिरीत, पाठीला वाळला भोपळा नाही तर रिकामा पत्र्याचा डबा बांधून. ज्यांच्या विहिरी आटल्या ते शिकलेच नाहीत, आणि माणमध्ये असेच पुष्कळ आहेत. आता तलाव भरत आहेत आणि त्यांच्या काठांवर पोरे आणि त्यांच्यामागे कुत्री हिंडत आहेत. होड्या येतील, हौसही येईल, येऊ दे. पण त्यांच्या आधी पाठीवरचा तो भोपळा पुन्हा यायला हवा.