बॅ. मुकुंदराव जयकर : कायदेमंडळांतून फेडरल कोर्टांत

बॅ. मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) यांचें नांव निघतांच सप्रू-जयकर मध्यस्थी व १९३२ चा पुणें करार हींच बहुधा आठवतात. त्यांच्या न्यायाधीशपणाचा विचार त्यामानानें थोडा झाला आहे. तो येथें संक्षेपानें करावयाचा आहे.

१९०५ सालीं बॅरिस्टर होऊन ते मुंबई हायकोर्टांत वकिली करूं लागले. १९२३ त स्वराज्यपक्षातर्फे मुंबई कायदेकौन्सिलांत व १९२६ त मध्यवर्ती असेंब्लींत ते निवडून आले. १९२७ त नेमलेल्या रस्तेसमितीचे ते अध्यक्ष होते. रस्त्यांचा वाढता खर्च प्रांतिक सरकारें व लोकल बोर्डें यांस झेपण्याजोगा नाहीं, सबब पेट्रोलवरील कर वाढवून तो पैसा रस्त्यांकडेच लावावा, अशी शिफारस समितीनें १९२८ त केली. तदनुसार १९२९ त गॅलनमागें दोन आणे जादा कर बसून रस्तेफंड निघाला.

१ ऑक्टोबर १९३७ रोजीं फेडरल कोर्ट अस्तित्वांत आलें. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश. सर शहा महंमद सुलेमान व जयकर हे त्यांचे सहकारी. आरंभींच या कोर्टापुढें जें महत्त्वाचें प्रकरण आलें तें पुनः पेट्रोलचेंच! मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळानें १९३८ त पेट्रोल व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा पांच कर बसविला. हा विक्रीकर म्हणून प्रांताच्या अधिकारांतला, कीं अबकारी कर म्हणून मध्यवर्ती सरकारच्या, हा प्रश्न गव्हर्नर-जनरलांनीं १९३५ च्या कायद्याच्या २१३ व्या कलमान्वयें कोर्टाकडे पाठविला. २ डिसेंबर १९३८ रोजीं तिघांनींही प्रांताचा कायदा वैध ठरविला. जयकरांनीं आपलें मत स्वतंत्र लिहिलें आहे.

ज्या पेट्रोलवर मध्यवर्ती सरकारनें कर वाढवावा असें त्यांनीं दहा वर्षांपूर्वीं सुचविलें, त्याच्या विक्रीवर प्रांताचा हक्क त्यांनीं न्यायासनावरून मान्य केला. यांत कोणी विसंगति पाहील, परंतु ती आम्हांस दिसत नाहीं. समितीस रस्त्यांसाठीं पैसा शोधावयाचा होता. कोर्टास कायद्याच्या याद्यांतील शब्दांचा अर्थ लावावयाचा होता.

१९३९ त ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. पुढें १९४८ ते १९५६ पर्यंत पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. त्यांचें दोन खंडांचें इंग्रजी आत्मचरित्र १९२५ पाशींच थांबतें, त्यामुळें न्यायासनावरील जयकर त्यांत सांपडत नाहींत. संग्राहकांनीं रस्तेसमितीचा छापील अहवाल व फेडरल कोर्टाचा निकाल शेजारीं ठेवून वाचावेत, आणि त्यांस दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांतील जयकरांच्या कागदपत्रांची जोड द्यावी.