प्रवाळ आणि त्याचा वाटेकरी

हरभऱ्याचे रोप उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतले जीवाणू रोपाला नत्र पुरवतात आणि रोप त्यांना साखर देते. असाच सामायिक संसार समुद्रातही चालतो. तो प्रवाळाचा.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो एक चिमुकला प्राणी. असे हजारो प्राणी शेजारी शेजारी राहून चुन्याची घरे बांधतात आणि त्यांचेच खडक होतात. या प्राण्याच्या पेशींत डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवल वस्तीला असते. प्रवाळ त्याला आसरा देतो, आपल्या श्वासातला कर्बवायू देतो, टाकाऊ द्रव्यांतले नत्र देतो. शैवल उन्हाच्या बळावर साखर करते आणि बरीचशी धन्याच्या पदरात टाकते. प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत गरज अशी भागते. त्याचा तपकिरी, हिरवट रंगही बहुतांशी या वाटेकऱ्याचाच. अंगठीतले तांबडे पोवळे मात्र निराळे. त्या जातीत शैवल नसते.

मग बिघडते कुठे? पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखादा अंशच अधिक तापले आणि महिनाभर तसेच राहिले, की शैवलाचे काम विस्कटते. त्यातून प्राणवायूची विषारी रूपे निघू लागतात. प्रवाळ नाइलाजाने शैवल बाहेर टाकतो आणि पारदर्शक अंगातून खालचा पांढरा चुना दिसतो. यालाच विरंजन म्हणतात. प्रवाळ तेव्हा मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवल पुन्हा वाढते. नाहीतर उपासमार आणि रोग त्याला संपवतात.

नवी मुंबईच्या गढूळ खाडीत ऊन खोल पोचत नाही; तेथे प्रवाळांचे खडक शोधू नका. पण पलीकडे हाजी अली-वरळीच्या खडकांवर काही काटक जाती तग धरतात. २०२० साली किनारी रस्त्यासाठी तेथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहेत. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी विरंजन तेथेही आढळले आहे.

समुद्राचा ताप उतरवणे एका गावाच्या हाती नाही. पण होडीचा नांगर प्रवाळावर न टाकणे, त्यावर पाय न देणे, सांडपाणी आणि गाळ रोखणे हे तर आपल्या हाती आहे ना? प्रवाळाच्या कपारींत माशांची पिल्ले वाढतात. कोळ्याचे जाळे त्यांवरच भरते. गुरुजी, उद्या वर्गात हरभऱ्याचे मूळ दाखवा आणि तेथूनच ही गोष्ट सुरू करा.